आईवडिलांना ‘नाही’ म्हणताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

या भाषणाच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओत शिरण्याआधी मोबाईल बंद करून बाहेर ठेवावा लागला. तसा नियमच आहे. माझी आई ८६ वर्षांची. तिला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, ‘अकरा ते बारा माझा फोन बंद असेल.’ तरीही बटण दाबताना पोटात खड्डा पडलाच. नेमकं आजच तिला काही झालं तर? ती मला फोन लावत बसली असेल आणि मी इथं लोकांना आईवडिलांशी कसं वागावं ते सांगतेय! समुपदेशनाचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. या विषयावर कितीतरी माणसांशी बोलले. पण हा खड्डा पडायचा काही थांबलेला नाही. तेव्हा श्रोतेहो, मी उंच जागी बसून उपदेश करतेय असं समजू नका. मीही त्याच रांगेत उभी आहे.

माझ्याकडे येणारी बरीचशी माणसं पस्तीस ते पंचावन्न या वयातली असतात. ‘आईवडिलांचा त्रास होतो’ असं सांगत कुणीच येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते, पित्त खवळतं, नवराबायकोचं पटत नाही, अशी काहीतरी तक्रार असते. दोन-तीन भेटी झाल्या की मग हळूच निघतं, ‘तसं काही नाही हो, पण आईचा फोन आला की छातीत धडधडायला लागतं.’ आणि त्याला चिकटूनच पुढचं वाक्य, ‘तसं तिनं माझ्यासाठी फार केलंय.’ ही दोन वाक्यं जोडीनंच येतात. पहिलं उच्चारल्याबद्दल दुसऱ्यानं लगेच प्रायश्चित्त घ्यायचं.

एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ही बाई पंचेचाळिशीची. आई विधवा, शेजारच्या तालुक्यात एकटी राहणारी, हिंडती-फिरती. शाळेच्या वेळात आईचे दहा-बारा फोन. दूधवाला आला नाही. टीव्हीचा रिमोट चालत नाही. शेजारीण आज बोलली नाही. फोन उचलला नाही तर संध्याकाळी ऐकायला मिळायचं, ‘मेल्यावर तरी येशील ना?’ मग ही वर्गाबाहेर येऊन फोन उचलायची, उचलून आईवर खेकसायची, रात्रभर त्याबद्दल रडायची आणि शनिवारी दुपारची एस.टी. पकडून पेढे घेऊन आईकडे धावायची. सोमवारपासून पुन्हा तेच.

या चक्राकडे जरा नीट बघा. आधी मुकाट्यानं ऐकायचं, मग आतल्या आत धुमसायचं, मग स्फोट, मग पश्चात्ताप आणि पश्चात्तापापोटी पुन्हा मुकाट्यानं ऐकायचं. त्या आईला यातून काय मिळालं? दिवसाला बारा फोन म्हणजे मुलगी भरपूर मिळाली, असं झालं का? तिच्या वाट्याला येत होती ती दोन तासिकांच्या मधली चिडलेली, घाईतली मुलगी. मला हेच आधी सांगायचं आहे. मर्यादा न घालणं म्हणजे प्रेमळ असणं नव्हे. पुष्कळदा ते आईवडिलांच्या वाट्याला आपला सगळ्यात वाईट चेहरा देणं असतं.

आता ‘मर्यादा’ म्हटलं की आपल्याला पटकन लक्ष्मणरेषा आठवते. पण ती उपमा इथं कामाची नाही. ती रेषा लक्ष्मणानं दुसऱ्याभोवती आखली होती आणि तिनं कुठं पाऊल टाकायचं नाही ते ठरवलं होतं. आपण बोलतोय ते स्वतःच्या शेताच्या बांधाबद्दल. माझं शेत इथं संपतं आणि तुमचं इथून सुरू होतं, एवढंच बांध सांगतो. बांध म्हणजे भिंत नव्हे. त्यावरून माणसं चालतात, त्यावर बसून दोन्हीकडचे लोक भाकरी खातात, पाणी जास्त झालं तर सांडव्यातून पलीकडे जातं. ज्यांचं बालपण गावात गेलं आहे त्यांना ‘बांध कोरणं’ हा शब्दही माहीत असेल. कुणी एका दिवसात दुसऱ्याचं शेत घेत नाही. दरवर्षी नांगराचं एखादं तास पुढं सरकतं. ज्यानं पहिल्याच वर्षी ‘अहो, थोडं इकडं आलात’ म्हटलं, त्याचं चहाच्या कपावर मिटतं. जो दहा वर्षं गप्प बसतो, तो अकराव्या वर्षी कुऱ्हाड घेऊन उभा राहतो. घरातही असंच होतं. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक दहा वर्षं गप्प बसलेले असतात.

कुटुंबावर उपचार करण्याचं एक शास्त्र आहे. साल्व्हादोर मिनुचिन हे त्यातलं मोठं नाव. १९७४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात घरातल्या माणसांमधल्या या सीमांचा विचार आहे. काही घरांत सीमा इतक्या पुसट असतात की एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं औषध घ्यावं. काही घरांत त्या इतक्या कडक असतात की एक माणूस आजारी पडला तरी दुसऱ्याला पत्ता नसतो. या दोन टोकांच्या मध्ये स्पष्ट, पण ये-जा करता येईल अशी सीमा असावी, असं ते मांडतात. मला यात एक भर घालावीशी वाटते. आपल्याकडे एका छपराखाली तीन पिढ्या राहणं, पगार एकत्र करणं, थोरल्यांना विचारून निर्णय घेणं, याला लगेच आजार म्हणायचं कारण नाही. जवळ राहूनही सीमा स्पष्ट असू शकते. उलट न्यूजर्सीत राहून दर रविवारी पुण्याच्या फोनला घाबरणारा मुलगाही मी पाहिला आहे. मधे एवढा समुद्र असूनही त्याला बांध नव्हता.

मग अडतं कुठं? टोचणीपाशी. ‘नाही’ हा शब्द ओठावर येतो आणि आत कुणीतरी म्हणतं, ‘यासाठीच का तुला लहानाचं मोठं केलं?’

हे म्हणणारं कुणीतरी आपण बाहेरून घरात आणलेलं आहे. आपण श्रावणबाळाच्या गोष्टीवर वाढलो. गरीब वृद्धांसाठीच्या आपल्या राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेलाही श्रावणबाळाचंच नाव आहे. भीष्मांनी बापाच्या लग्नासाठी राज्य सोडलं, स्वतःचं लग्न सोडलं. ययातीनं तर मुलांकडे त्यांचं तारुण्यच मागितलं. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही गोष्ट मराठी घराघरांत माहीत आहे. पुरूनं तारुण्य दिलं, त्याला राज्य मिळालं. यदूनं आणि इतर तिघांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांना शाप मिळाले. मला नेहमी गंमत वाटते की, ज्यानं बापाला ‘नाही’ म्हटलं त्या यदूच्याच वंशात पुढं श्रीकृष्ण जन्मला. पण गोष्ट सांगणारे इथवर येतच नाहीत.

या टोचणीचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखता आले की निम्मं काम झालं. आईला खोटं बोलले, बाबांच्या औषधाची तारीख विसरले, रागाच्या भरात त्यांचा पाणउतारा केला, तर मनाला लागतं. लागायलाच हवं. ती खरी टोचणी. तिला उपाय आहे. चूक कबूल करायची, माफी मागायची, पुन्हा होणार नाही असं बघायचं. दुसरी टोचणी मात्र काहीच चूक न करता येते. आपल्या एखाद्या योग्य निर्णयानं समोरच्याचा हिरमोड झाला एवढंच तिला पुरतं. स्वतःला प्रश्न विचारायचा, ‘मी त्यांचं वाईट केलं, की त्यांना फक्त आवडलं नाही?’ उत्तर ‘फक्त आवडलं नाही’ असं असेल, तर त्या टोचणीवर औषध म्हणून माफी मागू नका. मागितलीत तर ती वाढते.

अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी जी मराठी माणसांपर्यंत पोचवली, तिचं म्हणणं असं की, आपल्याला त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतीचा होतो. आपल्या भाषेत हा हट्ट एका अक्षरात मावतो. ‘च’. आई खूश राहिली तर बरं, ही इच्छा झाली. आई खूश राहिलीच पाहिजे आणि तीही माझ्यामुळेच, हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, हट्ट अपुरा राहिला तर आपण स्वतःला गुन्हेगार ठरवतो. तुमच्या मनातली वाक्यं कागदावर लिहून काढा आणि त्यातला ‘च’ खोडून पुन्हा वाचा. मी माझ्या लोकांना हे करायला लावते. साधं आहे, पण उपयोगी पडतं.

तरीही कुणी म्हणेल, मग कर्तव्याचं काय? कर्तव्य आहेच. आणि ते किती, याला कायद्यानं उत्तरही दिलं आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली केंद्रानं कायदा केला. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, वैद्यकीय देखभाल आणि उपचार. ते न देणाऱ्या अपत्याविरुद्ध आईवडील न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. या कायद्यात दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाची तरतूद ठेवली गेली. ज्येष्ठाला सांभाळायची जबाबदारी असताना त्याला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांची जबाबदारी आहे, हे तर सर्वोच्च न्यायालयानं १९८७ सालीच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सांगितलं होतं.

मी हे कुणाला घाबरवायला सांगत नाही. यादी पुन्हा वाचा. अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. प्रेमानं आपण याच्या कितीतरी पुढं जातो, जावं. पण या यादीत दिवसाला बारा फोन नाहीत. सुनेनं कुठली साडी नेसावी ते नाही. धाकट्या भावाचं कर्ज फेडणं नाही. जे देणं लागतो ते चोख द्यावं. त्यापलीकडचं आपल्या इच्छेनं, झेपेल तेवढं द्यावं. देणं चोख असलं की ‘नाही’ म्हणताना आवाज कापत नाही. आणि खरं सांगायचं तर, ज्याचं हे मूळ देणंच थकलेलं आहे त्यानं मर्यादांची भाषा बोलू नये. तसेही लोक येतात माझ्याकडे. आईला वर्षभर पैसे पाठवलेले नसतात आणि म्हणतात, ‘मॅडम, मला माझी स्पेस हवी.’

आता ‘नाही’ म्हणायचं कसं? इथं मला पुंडलिक आठवतो. आधी आईवडिलांना छळणारा आणि मग त्यांच्या सेवेत बुडालेला मुलगा, अशी त्याची गोष्ट आपण ऐकतो आणि ती ऐकवली जाते आपल्याला खजील करायला. पण त्या गोष्टीत एक उत्तम नकारही आहे. साक्षात देव दारात आला तेव्हा पुंडलिक हातातलं काम सोडून धावला नाही. ‘आता वेळ नाही’ म्हणाला. पण नुसतं तेवढंच म्हणाला नाही. त्यानं उभं राहायला वीट दिली. देव दारातून परत गेला नाही, रागावलाही नाही. पंढरपूरला अजून तिथंच उभा आहे. मराठीत ‘वीट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. आपण बहुतेक जण वीट येईपर्यंत थांबतो आणि मग ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी वीट देऊन म्हणावं. आत्ता नाही, पण तुझी जागा इथं आहे. हे नाही, पण ते नक्की.

त्या शिक्षिकेनं काय केलं ते सांगते. एका शनिवारी चहा घेताना ती आईला म्हणाली, ‘आई, मला तुझ्याशी निवांत बोलायचं असतं, पण शाळेत ते जमत नाही आणि मी तुझ्यावर ओरडते. मला ते आवडत नाही. उद्यापासून मी तुला रोज सकाळी साडेसातला आणि रात्री नऊला फोन करणार. शाळेच्या वेळात मी उचलणार नाही. पडलीस, छातीत दुखलं, ताप आला, तर शेजारच्या काकूंना सांग. त्या शाळेच्या ऑफिसात फोन करतील, मी लगेच निघेन.’ काकूंना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं आणि नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता.

या बोलण्यात काय काय नाही, ते पाहा. ‘तू नेहमीच असं करतेस’ हे नाही. कारणांची लांबलचक यादी नाही, कारण जितकी कारणं द्याल तितकी घासाघीस होते. परवानगी मागणंही नाही. आणि आईनं काय करावं ते नाही, मी काय करणार एवढंच आहे. आईचा हात आपण धरू शकत नाही. आपण फोन उचलायचा की नाही एवढंच आपल्या हातात.

पहिला आठवडा वाईट गेला. बाराचे वीस फोन झाले. हे होणारच, हे मी तिला आधी सांगितलं होतं. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर माणूस आधी बटण जोरजोरात दाबतो, मगच जिना चढायला लागतो. या आठवड्यात एकदा जरी दहावा फोन उचलला, तर आई एवढंच शिकते की दहा वेळा करावा लागतो. तिनं उचलला नाही, पण रात्री नऊचा फोन एकदाही चुकवला नाही. वीट काढून घेतली नाही. साधारण तीन आठवड्यांनी आईनं कालनिर्णयवर त्या-त्या दिवसाच्या चौकोनात सांगायच्या गोष्टी लिहून ठेवायला सुरुवात केली. दूधवाला, रिमोट, शेजारीण. रात्री एकेक वाचून दाखवायची. मुलगी म्हणाली, ‘आता ती सांगते तेव्हा मला हसू येतं. आधी फक्त संताप यायचा.’

सगळ्या गोष्टींचा शेवट असा गोड होत नाही. एस.टी.त कंडक्टर असलेल्या एका गृहस्थांकडे वडील धाकट्याच्या धंद्यासाठी तिसऱ्यांदा पैसे मागत होते. ते म्हणाले, ‘अण्णा, तुमचं आणि आईचं औषधपाणी, घरखर्च, त्यात कधी खंड पडणार नाही. पण धंद्याला मी पैसे देऊ शकत नाही.’ अण्णा त्यांच्याशी चार महिने बोलले नाहीत. भाचीच्या लग्नात पाहुण्यांसमोर टोमणाही मारला. आजही त्यांच्यात पूर्वीसारखं नाही. मुलगा दर महिन्याला औषधं घेऊन जातो, अण्णा पिशवी घेतात आणि पेपर वाचत बसतात. वाईट वाटतं का, तर वाटतं. पण बायकोचे दागिने विकावे लागले नाहीत आणि झोप लागते, असं ते म्हणाले. एवढ्यावर समाधान मानायची तयारी असेल तरच या वाटेला जावं.

एक व्यवहाराची गोष्ट. नवराबायकोंनी आपापल्या आईवडिलांशी आपण बोलावं. सुनेच्या तोंडून आलेली मर्यादा सासूला अपमान वाटते आणि मुलगा आतल्या खोलीत पेपर वाचत बसतो, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गंमत म्हणजे २००७ च्या त्या कायद्यातली ‘अपत्यं’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून आणि जावई त्या व्याख्येत नाहीत. निदान कायदा करणाऱ्यांना तरी कळलं होतं की बोलायचं कुणी.

हे सगळं शहाणपण मला होतं, तरी माझ्याच घरी मी माती खाल्ली. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आईचे फोन फार वाढले. एका रविवारी मी तिच्यासमोर बसले आणि सरकारी परिपत्रक वाचावं तसे नियम सांगितले. अमुक वेळेत फोन नको, तमुक विषय नको. वीटबीट काही नाही. आई ‘बरं’ म्हणाली. तिचे फोन बंद झाले. मला वाटलं, जमलं! १९ दिवसांनी तिच्या शेजारणीकडून कळलं की आई चार दिवस तापानं पडून होती. ‘तिला त्रास नको’ म्हणून तिनं कुणालाच कळवू दिलं नव्हतं.

मी बांध घालायला गेले आणि काटेरी कुंपण घालून आले. त्या रात्रीची टोचणी खरी होती. मी तिची माफी मागितली. ‘आई, मी ज्या पद्धतीनं बोलले ते चुकलं. तापात तू मला उठवायचंस, मध्यरात्री सुद्धा.’ पण दिवसभराचे फोन मी परत सुरू केले नाहीत, कारण माझी मागणी चुकली नव्हती, बोलणं चुकलं होतं. रात्रीची वेळ ठरली. ती आजपर्यंत चालू आहे.

एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. आईवडिलांचं एखादं वागणं अलीकडे, अचानक बदललेलं असेल, तर आधी डॉक्टर, मग मर्यादा. तोच प्रश्न तासात चारदा विचारणं हा हट्ट नसून विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असू शकते. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गानंही एकाएकी भ्रम होतो. ऐकू कमी येऊ लागलं की माणूस संशयी होतो. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य पुष्कळदा ‘सारखी कटकट’ या रूपात दिसतं. विस्मरण झालेल्या माणसाला नियम सांगून उपयोग नाही, तो त्याच्या लक्षातच राहणार नाही. तिथं मर्यादा घालायची ती सांभाळणाऱ्याच्या थकव्याला. भावंडांनी वाटण्या करायच्या, आठवड्यातली एखादी दुपार मदतनीस ठेवायचा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तीही लक्षात असू द्या. आणि जिथं आईवडीलच मारहाण करतात, व्यसनासाठी पैसे उकळतात, तिथं विटेची काळजी करू नका. आधी स्वतःला वाचवा.

मला ठाऊक आहे, रेडिओ ऐकणाऱ्यांत आईवडीलच जास्त आहेत. तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल, ही बाई आमच्या पोरांना फितवतेय. तर तुमच्याही बाजूचं सांगते. मर्यादा घालायचा हक्क तुम्हालाही आहे आणि तुम्ही तो आमच्यापेक्षा कमी वापरता. ६८ वर्षांच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. सून-मुलगा नोकरीला, दोन नातवंडं सकाळी आठ ते रात्री आठ यांच्याकडे. गुडघे गेलेले. दुपारी भजनाला जायचं मनात होतं, पण बोलायची चोरी. ‘लोक काय म्हणतील, स्वतःची नातवंडं जड झाली?’ बघा, तीच टोचणी, फक्त उलट्या दिशेनं वाहणारी. त्यांनी मुलाला सांगितलं, ‘मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी नसेन. बाकीचे दिवस मी आहे.’ मुलानं पाळणाघर शोधलं. त्याला जरा राग आला, मग गेला. घराची चावी मुलाकडे द्यायची की नाही, हयात असताना घर त्याच्या नावावर करायचं की नाही, हेही तुमचेच बांध आहेत. घराच्या बाबतीत तर घाई करूच नका.

ध्वनिमुद्रण संपवून बाहेर आले, फोन सुरू केला. आईचा एकही फोन नव्हता. मला, खोटं कशाला बोलू, थोडं वाईटच वाटलं. रात्री नऊला मी फोन केला तेव्हा तिनं विचारलं, ‘झालं का तुझं भाषण? कशावर होतं?’ मी म्हटलं, ‘आईवडिलांना नाही कसं म्हणायचं यावर.’ ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘मला विचारायचंस की! तू दोन वर्षांची असल्यापासून म्हणतेयस.’